संकलन कक्षातली निर्माती

मी चित्रपट संकलक आहे. दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यातले वाद माझ्या खोलीत नेहमीचेच असतात. पण जिचा चेहरा समोरच्या पडद्यावर जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे, अशा निर्मातीच्या शेजारी बसून तिचाच अभिनय कापण्याची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच आली. ताईंनी (युनिटमधले सगळेच त्यांना ताई म्हणत) उमेदीची सारी वर्षे कॅमेऱ्यासमोर काढली होती आणि हा त्यांनी स्वतः निर्माण केलेला पहिला चित्रपट होता.

नटांनी निर्मितीत उतरणे नवे नाही. मेरी पिकफर्ड, चार्ली चॅप्लिन आणि डग्लस फेअरबँक्स यांनी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासह १९१९ साली युनायटेड आर्टिस्ट्स स्थापन केली, ती आपल्या चित्रपटांचे वितरण आपल्याच हाती राहावे म्हणून. आपल्याकडे राज कपूर यांनी १९४८ मध्ये आर. के. फिल्म्स उभी केली आणि पुढच्याच वर्षी देव आनंद यांनी थोरले बंधू चेतन आनंद यांच्याबरोबर नवकेतन सुरू केली. ताईंच्या बोलण्यात मात्र स्मिता तळवलकर यांचे नाव अधिक येई. दूरदर्शनवर बातम्या देणारी, मग अभिनय करणारी ही बाई निर्माती झाली आणि ‘कळत नकळत’ व ‘तू तिथं मी’ या तिच्या चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, याचा ताईंना मनापासून अभिमान होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि त्याचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे चालतो. इतकी वर्षे काम करूनही आपल्या मालकीचा एकही चित्रपट नाही, ही बोच त्यांना निर्मितीकडे घेऊन आली होती.

रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची आवृत्ती, दोन तास अडतीस मिनिटांचा झाला होता आणि तो सव्वादोन तासांपर्यंत आणायचा होता. चित्र लॉक झाल्याखेरीज, म्हणजे दृश्यांची जुळणी कायमची ठरल्याखेरीज, पार्श्वसंगीत, ध्वनी आणि रंगसंस्करणाचे काम पुढे सरकत नाही, आणि लॉकनंतर काही बदलले तर ही सगळी कामे पुन्हा जुळवावी लागतात. म्हणून निर्णय त्याच दिवशी हवे होते.

वडील आणि मुलीच्या प्रसंगापाशी ताईंनी मला थांबवले. घर विकायचे ठरवले आहे, हे मुलगी वडिलांना सांगते, तो प्रसंग. त्यांचा टेक अप्रतिम होता, त्यामुळे मी जवळजवळ संपूर्ण संवाद त्यांच्या क्लोजअपवर ठेवला होता. त्या म्हणाल्या, “मी काय बोलतेय ते ऐकू येतंयच. ते ऐकताना बाबा काय करतात, ते दाखव ना.” मी त्यांच्या खांद्यावरून घेतलेला शॉट काढला. वडिलांची भूमिका करणारे ज्येष्ठ नट त्यात हातातले वर्तमानपत्र घडी घालून ठेवतात, पुन्हा उचलतात आणि त्याच घडीवरून अंगठा फिरवत राहतात. त्या शॉटमध्ये टेबलावरचा पेला वेगळ्या जागी होता, म्हणून पेला चौकटीबाहेर जाईपर्यंतचा भाग सोडून मी कट पुढे सरकवला आणि ताईंचा आवाज त्यावर ठेवला. प्रसंग एकदम भरून आला. स्वतःचा इतका चांगला क्लोजअप स्वतःहून सोडणारा नट मी तोवर पाहिला नव्हता.

खरी कसोटी पुढे होती. रेल्वे स्थानकावर रात्री मुलगी एकटीच तिकीट खिडकीशी येते, तिकीट मागता मागता तिला रडू कोसळते आणि खिडकीतला कारकून काही न विचारता तिला पाणी देतो, असा साडेतीन मिनिटांचा प्रसंग होता. दिग्दर्शकांचा तो जीव की प्राण होता आणि मलाही तो फार आवडत होता. ताई म्हणाल्या, “हा काढू या.” दिग्दर्शक म्हणाले, “ताई, लोक हाच प्रसंग लक्षात ठेवतील.” त्यावर त्यांचे उत्तर असे होते : “लोक माझं रडणं लक्षात ठेवतील. तिचं दुःख बाबांच्या प्रसंगात कळलंय. इथे गोष्ट जागच्या जागी उभी राहते.” आम्ही तो प्रसंग वगळून आधीचे आणि नंतरचे भाग सलग पाहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि दिग्दर्शकांनीही ते मोकळेपणाने मान्य केले. पुढे एका वाक्यात त्या रात्रीचा उल्लेख होता. सुदैवाने ते वाक्य पाठमोऱ्या शॉटमध्ये असल्याने डबिंगमध्ये बदलता येणार होते. बदललेले वाक्य ताईंनी खोलीतल्याच माइकवर तात्पुरते बोलून दिले.

मी पुढच्या प्रसंगाकडे वळणार, तेवढ्यात त्यांनी विचारले, “त्या कारकुनाचं चित्रपटात आणखी कुठे काम आहे का?” नव्हते. तेव्हा त्यांनी सांगितले, की सुरुवातीच्या काळात त्यांची एक छोटी भूमिका अशीच पूर्ण कापली गेली होती आणि ते त्यांना चित्रपटगृहात, घरच्या माणसांच्या शेजारी बसल्यावर कळले होते. त्यांनी तिथूनच त्या तरुण नटाला फोन लावला. त्याने सर्वांत आधी विचारले, ते आपले काम वाईट झाले का, हेच. ताईंनी त्याला प्रसंग का काढला ते नीट समजावून सांगितले, त्याच्या पाणी देण्यातल्या संयमाचे कौतुक केले, श्रेयनामावलीत नाव राहील असा शब्द दिला आणि प्रदर्शनानंतर त्या प्रसंगाची चित्रफीत त्याला द्यायला मला सांगितले. इतर ठिकाणी हा निरोप कुणी कुणाला द्यायचा हेच ठरलेले नसते, त्यामुळे तो बहुतेक वेळा कुणीच देत नाही, आणि आमच्या व्यवसायातली ही रीत मला मुळीच पटत नाही.

पुढच्या चित्रपटापासून ताईंनी कलाकारांच्या करारात एक कलम घातले : भूमिका पूर्ण वगळली गेल्यास प्रदर्शनापूर्वी निर्मात्याने कलाकाराला स्वतः कळवायचे. चित्रपट कुणाचाही असो, लॉकच्या आधी वगळलेल्या कलाकारांची यादी मी आता निर्मात्याकडे पाठवतो, आणि प्रत्येक नावापुढे ‘कळवले का’ असा एक रकाना ठेवतो.