कॅमेम्बर्ट, घाणा चौथा: साल पुन्हा सुटली

मंडळी, कॅमेम्बर्टचा, म्हणजे पांढऱ्या बुरशीची साल असलेल्या मऊ फ्रेंच चीजचा, माझा चौथा घाणाही गेला. एकविसाव्या दिवशी सुरी घातली, तर अख्खी साल सायीसारखी सुरीबरोबर उचलून आली. खालचा पिवळा चीक ताटलीभर पसरला आणि मधला गोळा खडूसारखा पांढराच. वर अमोनियाचा असा भपकारा, की आतून आईने विचारलं, "कोण केस रंगवतंय?"

मागच्या खेपेला मी जिओट्रायकमवर, म्हणजे सालीसाठी घालतात त्या दुसऱ्या बुरशीवर, खापर फोडलं होतं. म्हणून यंदा ते निम्मं घातलं, तरी चीजच्या वडीची बेडकाची पाठ झालीच, साल सुरकुतलेली. दूध निर्दोष: गवळ्याचं, घरी ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवलेलं. पिशवीतल्या होमोजिनाइज्ड दुधाचा नाद मी कधीच सोडला.

मग वही उघडली. रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) घातल्यावर दुधावर तरंगती ठेवलेली वाटी १२ मिनिटांनी फिरायची थांबली होती, म्हणजे दूध धरायला लागलं होतं. मी ती वेळ सहाने गुणून ७२ मिनिटांनी दही कापलं. कापायला उशीर, म्हणजे पाणी तिथेच जास्त राहिलं. त्यात जुलै! मीठ लावल्यावर वडी हाताला कोरडी लागेपर्यंत थांबायचं असतं, पण पुण्यात या दिवसांत टॉवेल वाळत नाहीत. मी वैतागून ओलीच वडी डब्यात घातली, १२ अंशांत. बुरशीला तेच हवं होतं. सालीखालचा थर तिने भराभर पचवला, गाभ्यापर्यंत पोचायच्या आत.

पुढच्या खेपेला पाचाने गुणणार, ६० मिनिटं. पंखा लावून वाळवायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची हवा कोरडी असतेच की! वडी रात्रभर तिथे उघडी ठेवायची, मग वाइनच्या कपाटात.

वाया काही घालवलं नाही. चिकाबरोबर नाशिकची शिराझ ही रेड वाइन घेतली आणि तोंडात कल्हई उडालेल्या पितळेतलं कळकलेलं ताक! कॅमेम्बर्टबरोबर टॅनिनवाली, म्हणजे तुरट, रेड सुचवणाऱ्यांनी ती आधी स्वतः पिऊन बघावी. खडूचा गोळा मात्र थंडगार शेनिन ब्लां या व्हाइट वाइनबरोबर झकास लागला. वाइनचा आंबटपणा स्निग्धपणा कापतो, मागे हिरव्या सफरचंदाची चव रेंगाळते. कॅमेम्बर्टच्या माहेरी, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, याच्याबरोबर सफरचंदाची सिडर पितात, ते उगाच नाही. शेनिनचा तो एक घोट मी दहा मिनिटं पुरवला.

आता शेनिन निघालीच आहे म्हणून. तिचं मूळ घर फ्रान्समधल्या लुआर नदीकाठी, आणि तिथे तिच्या जोडीला शेळीचं चीज. त्यातलं सँत-मोर द तुरेन आठवा: लांबट, राखेत घोळवलेलं, मधून पेंढ्याची काडी. राखेने वरचा आंबटपणा उतरतो, पृष्ठभाग लवकर सुकतो. म्हणजे माझं पावसाळी दुखणंच! तेव्हा पाचवा घाणा कॅमेम्बर्टचा नाही. संगमनेरी शेळ्या पाळणाऱ्या एकांना आत्ताच फोन केला, रविवारी चार लिटर देतो म्हणालेत. खाण्यायोग्य राख कुठे मिळते, कुणी सांगेल का? चुलीतली नको, आई आधीच वैतागली आहे.