मामींच्या घराची भेग आणि काळी माती

इंदूरच्या लोकमान्य नगरातले मामींचे घर एकमजली, विटांच्या भारवाही भिंतींचे आहे आणि ते बांधून आता ४० वर्षे होत आली आहेत. आग्नेय कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघते आणि विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने घराच्या कोपऱ्याकडे चढत जाते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वरच्या टोकाला तिची रुंदी ४ मिलिमीटर होती. मामींनी ओळखीच्या एका ठेकेदाराला बोलावले. त्याने भेग खरवडून तिच्यात कडक सिमेंटचा मसाला ठासला, वरून प्लास्टर केले आणि रंगही दिला. ऑगस्टमध्ये त्याच भिंतीवर, जुन्या भेगेपासून वीतभर अंतरावर दुसरी भेग उघडली. मामींनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. “अरे, आता भिंत पाडावीच लागते की काय?”

भिंत पाडण्याचे काहीच कारण नव्हते. दोष भिंतीत नव्हता आणि छताच्या वजनातही नव्हता, तो पायाखालच्या पाण्यात होता. घरदुरुस्तीच्या कामात वर्षानुवर्षे पाहत आलेली ही चूक असल्यामुळे ती सविस्तर लिहितो.

माळव्याची काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. मे महिन्यात इंदूरच्या मोकळ्या प्लॉटवर पाऊल अडकावे एवढे तडे दिसतात आणि जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की ते मिटतात. घराखाली हेच घडते, फक्त सगळीकडे सारखे घडत नाही. घराच्या मध्याखालची माती झाकलेली असल्यामुळे तिचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, तर कडेची माती उन्हात वाळते आणि पावसात भिजते. त्यामुळे कोपरे उन्हाळ्यात खचतात आणि पावसाळ्यात उचलले जातात. कोपरा खाली गेला की भेग त्याच्या दिशेने झुकत वर चढते आणि वरच्या बाजूला जास्त रुंद होते. मामींच्या भिंतीवर नेमके हेच दिसत होते.

आता ठेकेदाराने काय केले ते पाहा. भेग सर्वांत जास्त उघडी असताना त्याने तिच्यात दगडासारखा कडक मसाला भरला. पावसाळ्यात माती फुगली, कोपरा वर आला आणि भेग मिटू लागली, पण मिटायला जागाच उरली नव्हती. भिंत त्या मसाल्यावर अडली आणि शेजारी जिथे कमकुवत होती तिथे फुटली.

माती खरोखर फुगणारी आहे का, हे तपासण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानकांत दिलेली आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मोजनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या मोजनळीत रॉकेलमध्ये टाकायची आणि २४ तासांनी दोन्हीकडचे आकारमान पाहायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक म्हणजे तिचे फुगणे. हा फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या ५० टक्क्यांपुढे गेला की मी सावध होतो. मामींच्या अंगणातली माती त्याच्या बरीच पुढे गेली.

त्यानंतर वर्षभर आम्ही दुरुस्ती केली नाही, फक्त मोजले. ठासलेला मसाला काढून टाकला, भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा केल्या आणि दर पंधरा दिवसांनी त्यांच्यातले अंतर मामी स्वतः वहीत लिहीत गेल्या. त्या वहीवरून भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते हे स्पष्ट दिसले. एकाच दिशेने वाढत जाणारी भेग असती, तर पाया खरोखर खचतो आहे असे समजून मी वेगळा विचार केला असता.

मग पाण्याचा शोध घेतला. गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात भिंतीच्या बुडाशी रिकामा होत होता. न्हाणीघराच्या चेंबरचा सांधा गळत होता. शिवाय भिंतीपासून सात-आठ फुटांवर मोठा कडुनिंब आहे, जो उन्हाळ्यात मुळांनी माती आणखी कोरडी करतो. म्हणजे एकच कोपरा पावसाळ्यात सर्वांत जास्त भिजत होता आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त वाळत होता. झाड तोडा, असे शेजाऱ्यांनी सुचवले. मी ठामपणे नको म्हटले. मोठे झाड एकदम तोडले की त्याने वर्षानुवर्षे कोरडी ठेवलेली माती हळूहळू पाणी धरते आणि कोपरा उलट वर उचलला जातो. त्याऐवजी दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी फांद्या विरळ करायचे ठरले.

पाइप नालीपर्यंत नेला, चेंबर नवे बांधले, आणि घराभोवती दीड मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी केली. तिच्याखालची वरची काळी माती काढून मुरूम धुमसून भरला. न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा असा थर काळ्या मातीवर घालण्याचे तंत्र मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कट्टी यांनी विकसित केले. आमचे काम त्या मानाने फारच साधे होते.

अंडरपिनिंगचा, म्हणजे जुन्या पायाखाली खणून तो आणखी खोल नेण्याचा, प्रस्तावही आला होता. जुना पाया जेमतेम साडेतीन फूट खोल आहे, तर आपल्याकडच्या खोल काळ्या मातीत ओलाव्याचा चढउतार साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणून पाया मुरमापर्यंत नेणे तत्त्वतः बरोबर आहे. मात्र ते काम मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत, एकमेकांना लागून नसलेल्या जागी खणूनच करावे लागते, आणि नवे काँक्रीट आकसल्यावर जुन्या पायाखाली उरलेली फट कोरड्या घट्ट मसाल्याने ठासून भरावी लागते. एकच कोपरा खोल नेला आणि बाकीचे घर उथळ ठेवले, तर हालचालींतला फरक आणखी वाढू शकतो. ही शेवटची गोष्ट ठेकेदार सांगत नाहीत, आणि मला ती फार खटकते.

शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत कॉलमची घरे आहेत म्हणून ती सुरक्षित, असा समज आहे. कॉलम मुरमापर्यंत जातात खरे, पण प्लिंथ बीम, म्हणजे कॉलमांना जोत्याजवळ जोडणारी आडवी तुळई, थेट काळ्या मातीवर टेकवून ओतलेला असतो आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती नुसत्या फरशीवर उभ्या असतात. पावसाळ्यात माती बीमला खालून ढकलते, पार्टिशन वर उचलले जाते, आणि कॉलम व भिंत यांच्या सांध्यात उभी भेग पडते. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेल्या, बुडाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या खोल खांबांच्या पायाच्या (अंडररीम्ड पाइलच्या) मानकात बीमखाली किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला सांगितली आहे. बांधताना ही जागा सोडायला जवळजवळ काही खर्च येत नाही; नंतर ती तयार करणे फार अवघड असते.

मामींच्या वहीवरून या मे महिन्यात भेगेची रुंदी एक मिलिमीटरहून थोडी कमी भरते. आता दिवाळीनंतर, माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा दिवसांत, विटांच्या आडव्या सांध्यांत खाच पाडून न गंजणारे सरिये बसवू आणि भेग चुन्याच्या मऊ मसाल्याने भरू. रंग मात्र पुढच्या पावसाळ्यानंतरच द्यायचा, हे मामींनी मान्य केले आहे.