चक्रांग की भिवई? पाणजेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून

चक्रांग आणि भिवई ही दोन छोटी, एकमेकांसारखी दिसणारी बदकं. उरणजवळच्या पाणजे पाणथळीबद्दल मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘पाणजे, २३ चक्रांग, सगळ्या माद्या.’ ते खोडा. रविवारी दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याने थव्यावर घिरटी घातली, थवा उठला आणि माझे चक्रांग खाली उतरले ते भिवई बदकं होऊनच.

चेहऱ्याची खूण आपल्याला पाठ आहे. भिवईच्या मादीला फिकी भुवई, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक, चोचीच्या मुळाशी पांढुरका ठिपका. चक्रांगचा चेहरा त्या मानाने कोरा. पण भरतीला ही मंडळी बांधाच्या आडोशाने पंखात चोच खुपसून झोपलेली! त्यात नऊनंतर चिखलावर झळ नाचायला लागते. स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) २० पटींवरच ठेवा, ६० वर फक्त झळ मोठी दिसते. स्कोपला फोन जोडायचा ॲडाप्टर ‘सगळ्या फोनना बसतो’ म्हणून घेतलेला. बसतो, टिकत नाही. शेवटी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तेव्हा थारा लागला. मासे धरायला आलेले काका म्हणाले, “बदकाच ना सगली?”

तर पंख. ४१ फ्रेम मारल्या, कामाच्या ४. स्पेक्युलमच्या (पंखाच्या मागच्या कडेवरच्या चकचकीत रंगीत पट्ट्याच्या) पुढेमागे पांढऱ्या पट्ट्या, मागचीही चांगली ठळक. चक्रांगची पुढची रुंद, मागची बारीक असते. शिवाय पाच जणांच्या पंखाचा पुढचा भाग राखी-निळा! म्हणजे त्या माद्या नव्हेतच, अजून मादीसारख्या साध्या पिसाऱ्यातले नर. खरं तर नोव्हेंबरअखेर २३ चक्रांगांत एकही नटलेला, रंगीत पिसाऱ्यातला नर नाही, तिथेच शंका यायला हवी होती. भिवईचे नर नटायला फार उशीर लावतात. (शास्त्रीय वर्गीकरणात भिवईला आता चक्रांगच्या ॲनस वंशातून काढून थापट्या बदकाच्या स्पॅच्युला वंशात बसवलंय, तरी आपला घोळ चक्रांगशीच.)

पुढच्या रविवारी अलिबागकडची खाजणं करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, झोपलेल्याचं तोंड लपतं, शेपूट कुठे लपते? चक्रांगच्या मादीला शेपटीच्या बुडाशी बाजूने फिकी रेघ असते. आत्ताच जुने फोटो उघडले. ९ शेपट्या नीट दिसतात, रेघ दोघींनाच. त्या दोघी खऱ्या चक्रांग, पण ज्यांची शेपूट दिसतच नाही त्या उरलेल्या १४ जणांचं काय करायचं?

अलिबाग राहू दे. पुन्हा पाणजेच, भल्या सकाळी पूर्वेच्या बांधावरून, सूर्य पाठीशी घेऊन. तुमच्याकडे झोपलेल्या थव्यांचे जुने फोटो असतील तर शेपट्या तपासा आणि आकडा कळवा.