गोव्यातला फिश टनेल: कॅमेरा घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा

फिश टनेल म्हणजे पाण्याच्या टाकीतून जाणारा पारदर्शक बोगदा. त्यातले मासे नुसते बघायचे असतील तर खुशाल जा, पोरं खूश होतात. मासे फोटोत धरायचे असतील तर मात्र थांबा. मला कोणी थांबवलं नाही, उलट एका मित्राने रील पाठवलं, निळाशार बोगदा, डोक्यावरून पोहणारे हातभर मासे आणि खाली 'गोव्यात आलंय, सोडू नको'. त्या रीलच्या भरवशावर मी सावंतवाडीहून सकाळच्या गाडीने कॅमेरा, मॅक्रो लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड असं सगळं लटांबर पाठीवर मारून निघालो.

पणजी स्टँडपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. स्टँडवरून प्रदर्शनाचा मांडव जेमतेम तीन किलोमीटर, टॅक्सीवाल्याने सहाशे सांगितले, मी हसलो, तो हसला नाही. शंभर रुपयांत पायलटच्या मागे बसून गेलो. बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो, गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, पाठीवर सॅक असली तरी निवांत जाता येतं.

तिकीट दीडशे, ठीक आहे. कॅमेऱ्याचे दोनशे वेगळे, हेही गिळलं. मग सॅकमधून डोकावणारा ट्रायपॉड दिसला, त्याचे आणखी दोनशे. पैसे देऊन दहा पावलं गेलो तर दुसरा माणूस म्हणतो ट्रायपॉड उभा करायचा नाही, गर्दी तुंबते. मग दोनशे कशाचे घेतले? तर म्हणे आत नेण्याचे! आणि माझ्या पुढचा माणूस तीन कॅमेऱ्यांचा फोन घेऊन एक पैसा न देता आत गेला. तेव्हा ट्रायपॉड घरी ठेवा, आणि रीलच हवं असेल तर कॅमेराही घरी ठेवा.

आता तो टनेल. लांबी फार तर पन्नास पावलं, त्यात मी अडीच तास घातले. पहिला दणका म्हणजे सकाळच्या एसी गाडीत गार झालेला कॅमेरा त्या दमट मांडवात काढला आणि लेन्सवर धुकं. पुसून उपयोग नाही, परत येतं. सॅक बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबायला हवं होतं, मी पुसत बसलो.

दुसरा दणका माझा स्वतःचा, मी पांढरा टीशर्ट घालून गेलो होतो. पहिल्या शंभर फोटोंत अरापायमाच्या (ॲमेझॉनमधला अवाढव्य मासा) पोटावर माझी छाती आहे. काळे कपडे घाला, घड्याळ काढून ठेवा, आणि कॅमेऱ्याचं ते फोकसचं लाल-केशरी लाइट मेनूत जाऊन बंद करा.

पण खरा वैताग त्या बोगद्याच्या कमानीच्या ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा. सपाट काचेला लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड चिकटवलं की रिफ्लेक्शन संपतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कमानीला गोल हूड पूर्ण बसतच नाही, एका बाजूने फट राहते आणि त्या फटीतून मागचे गुलाबी दिवे आत शिरतात. हूड काढून तिरकं धरलं तर मासा दोन रेषांचा दिसतो, कारण ॲक्रिलिक जाड, त्यामागे पाणी, आणि तिरक्या येणाऱ्या उजेडातला प्रत्येक रंग वेगवेगळा वाकतो. कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात धरला तरच कडा नीट येतात. मी पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, पण नेलेला. तो काचेवरचं प्रतिबिंब सगळ्यात जास्त खातो काटकोनापासून साधारण 56 अंश तिरक्या कोनात, म्हणजे नेमका जिथे मासा फाटतो तिथे. समोरून धरला तर काही करत नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड गिळतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). नेऊ नका.

त्यात पट्टे. शटर 1/500 सेकंदाला ठेवून फोटो घेतला की चित्रावर आडवे काळसर पट्टे, मला वाटलं सेन्सर गेला. अंगाला घाम. मग ट्यूब पेटली, हे दिवे लुकलुकतायत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झ, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला 100 वेळा मिणमिणतो, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. 1/100 ला आणलं की पट्टे गेले आणि त्याबरोबर मासे हलले. म्हणून तिथे फक्त संथ मासे धरा. अरापायमा आणि मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार दोघेही जागच्या जागी तरंगल्यासारखे असतात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 वर 1/100 ला बरे मिळाले. चपळ माशांच्या नादी लागू नका, मी पाऊण तास लागलो.

फ्लॅश काढला तसा रखवालदार आला. "पात्रांव, फोटो काड, पूण फ्लॅश नाका." तो बरोबर होता. बहुतेक माशांना पापण्या नसतात, ते डोळे मिटून घेऊ शकत नाहीत. आणि कॅमेऱ्यावरूनच समोर काचेवर फ्लॅश मारलात तर पांढऱ्या डागाशिवाय काही मिळतही नाही.

हिशोब: 480 फोटो, ठेवले 3, त्यातल्या एकात मासा नाही. संध्याकाळी पाय असे भरले होते की मी चिडून लेन्सच विकायला काढणार होतो, त्यामुळे वरचं सगळं थोडं कडवट वाटलं तर वाटू दे.

रात्री कदंबाने, म्हणजे गोव्याच्या एसटीने, डिचोलीला मावसभावाकडे. त्याच्या हॉलमध्ये तीन फुटी टँक, त्यात मानशीजवळून (खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार) आणलेली पाच काळुंदरं, तळहातापेक्षा लहान. केरळात यालाच करीमीन म्हणतात, 2010 पासून तो त्यांचा राज्यमासा आहे. आपल्याकडे तो मासा म्हणजे रवा लावून तव्यावर, टँकमध्ये कोण ठेवतो! पण जवळून बघा एकदा. हिरवट अंग, उभे काळे पट्टे आणि बहुतेक खवल्यांवर मोत्याचा एकेक ठिपका.

सकाळी सातला बसलो. भावाने आदल्या रात्री पाणी बदलायचं ठरवलेलं, मी अडवलं, कारण ताज्या पाण्यात बारीक बुडबुडे काचेला चिकटतात आणि फोटोत ते अंगावर पुरळ आल्यासारखे दिसतात. आतलं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं, मग फिल्टर अर्धा तास बंद, कचरा खाली बसू दिला. बाहेरून काच पुसायला वहिनीने जुनं सुती धोतर दिलं. पडदे ओढले, आणि माझ्या पाठीमागे वहिनीची काळी छत्री उघडून खुर्चीला बांधली. सप्टेंबरात कोकणात काळी छत्री प्रत्येक घरात असते, वेगळा काळा पडदा विकत घेऊ नका.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून टँकच्या काचेच्या झाकणावर, प्लास्टिकच्या पिशवीत, खाली बटरपेपर. उजेड वरून आला की ओढ्यात दुपारी मासा दिसतो तसा दिसतो. आधी मंद पॉवरवर दोनदा मारून बघा, मासे बिचकले तर थांबा. f/8, 1/200, आयएसओ 200. फ्लॅशचा झटका इतका छोटा असतो की पट्टे नाहीत आणि शेपूटही हलत नाही.

पहिली दहा मिनिटं एकही फोटो घेतला नाही. काळुंदर घाबरला की रंग बदलतो, पट्टे मागेपुढे होतात, सगळा उदास. पुतण्या एका कोपऱ्यात दोन-दोन दाणे टाकत होता, मी फोकस त्या कोपऱ्यावर लॉक करून नुसता बसलो. एक मोठा आला, काचेला समांतर वळला, डोळा चकचकीत, गालावरचे ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ. तो एक फोटो आला आणि मी लेन्स विकायचा विषय सोडला.

साठ फोटो, ठेवले अकरा.

दुपारी ताटात तळलेला काळुंदर आला. मी आधी उठून टँकमध्ये पाच आहेत का ते मोजून आलो, मग बसलो.