आमची वाटचाल: इतवारीतला छापखाना आणि हार्डकोरची कव्हरं

नागपूरच्या इतवारीत आमचा छोटा छापखाना आहे, बाबांनी सुरू केलेला, आता मी आणि माझा भाऊ सांभाळतो. मूळ धंदा लग्नपत्रिकांचा, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, फॉइल, डाय मारून पंचिंग, हाताने घडी आणि चिकटवणं. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला जेवायला फुरसत नसते, आणि चातुर्मासात टेबलं रिकामी. मग बिलबुकं, शाळेच्या डायऱ्या, मंडळांच्या पावत्या, येईल ते काम घ्यायचं. अशाच एका पावसाळ्यात हार्डकोर, म्हणजे पंक रॉकचा वेगवान आणि ओरडून गायचा प्रकार, वाजवणारे बँडवाले पोट्टे दुकानात आले आणि आमच्या धंद्याला जी वाट फुटली ती कोणी ठरवून फुटली नसती.

त्यांना पहिल्या ईपीचं, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमचं, पॅकेजिंग पाहिजे होतं. एका मोठ्या युनिटने हजार कॉपीच्या खाली बोलायलाच नकार दिला होता आणि यांना पाहिजे होत्या फक्त तीनशे. "ताई, कमीच पाहिजेत पण हातात घेतल्यावर काहीतरी वाटलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. रेकॉर्ड प्रेस करायला पैसे नव्हते म्हणून आत सीडी, पण कव्हर मात्र सात इंची रेकॉर्डच्या मापाचं.

मी तोवर हार्डकोर ऐकलेलं नव्हतं. एकेक गाणं मिनिट-दीड मिनिटाचं, ड्रम सुसाट आणि गाणारा पूर्ण गळा फाडून ओरडतोय, पहिल्यांदा ऐकताना शब्द कळतच नाहीत. मग त्यातल्या एकाने गाण्यांची वही दिली. सगळं मराठीत, पेपरफुटी, भरती निघायची वाट बघत संपलेलं वय, पत्र्याखालच्या खोलीतला मे महिना. वाचून मी गप्पच झाले. तेव्हाच पक्कं झालं की या पॅकेजिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लिरिक्सचा कागद, कारण ऐकणारा तो हातात धरूनच गाणं ऐकणार.

हे संगीत जिथलं, तिथेही पॅकेजिंग असंच घरगुती होतं. वॉशिंग्टनमध्ये 1980 साली पोरांनीच डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा एका दुसऱ्या रेकॉर्डचं कव्हर उलगडून त्याचं माप घेतलं आणि आपली कव्हरं हाताने कापून, दुमडून, चिकटवून तयार केली. ब्लॅक फ्लॅग या बँडचं, चित्रकार रेमंड पेटिबॉनने काढलेलं चिन्ह बघा, चार काळे उभे पट्टे, बस, कोणताही पोरगा स्प्रे घेऊन भिंतीवर काढू शकेल. फोटोग्राफरला, मोठ्या छपाईला पैसे नाहीत म्हणून झेरॉक्स मशीन आणि कात्री, आणि त्यातूनच एक अख्खी शैली तयार झाली. मला हे सगळं एकदम ओळखीचं वाटलं, कापणं-दुमडणं-चिकटवणं हेच तर आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय.

पोट्ट्यांनी आधी कवट्या आणि काटेरी तारा दाखवल्या होत्या. मी म्हटलं, काहून बाबा दुसऱ्यांच्या कवट्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दारावरून काय जातं ते बघा की. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, तान्ह्या पोळ्याला इथे मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग असेल त्याचे बांबू-कागदाचे मोठे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गर्दी त्यांना शहराबाहेर नेऊन जाळते. अख्खं शहर वर्षातून एकदा रस्त्यावर येऊन राग ओरडून काढतं, याहून जास्त हार्डकोर मला तरी काही माहीत नाही. एक गोष्ट मात्र मी आधीच सांगितली, मारबतीचा चेहरा वापरायचा नाही. लोक तिला नारळ फोडतात, पोरांना पायाशी ठेवतात, ती श्रद्धेची गोष्ट आहे. बडग्या घ्या, तो रागासाठीच असतो. पोट्ट्यांना पटलं.

भावाने मिरवणुकीत काढलेले बडग्यांचे फोटो साध्या झेरॉक्सवर काढले, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, परत तिची झेरॉक्स. असं करत गेलं की मधले करडे शेड उडून जातात आणि कागदाच्या तोंडावरच्या सुरकुत्या फुटलेल्या खडकासारख्या दिसायला लागतात. कॉम्प्युटरवर थ्रेशोल्ड मारून, म्हणजे चित्र नुसतं काळं-पांढरं करून, हे लगेच होतं, तेही करून बघितलं, पण झेरॉक्स मशीनच्या ड्रमवरचे ओरखडे आणि टोनरचे ठिपके त्यात येत नाहीत. देवनागरीला मात्र हा उपाय चालत नाही, दोन-तीन कॉपीतच अनुस्वार उडतो, वेलांटीची पोकळी भरते, ध आणि घ सारखेच दिसतात. म्हणून बँडचं नाव चपट्या ब्रशने हाताने लिहिलं, शिरोरेघ मुद्दाम तोडून, आणि लिरिक्स वेगळे टाइपसेट केले.

रंग दोनच, काळा आणि पिवळा, आणि ते का हे नागपूरकराला सांगायला नको. तीनशे जीएसएमच्या, म्हणजे जाड तपकिरी, क्राफ्ट बोर्डवर पिवळा मळकट पडतो म्हणून ओपेक, म्हणजे खालचा रंग झाकणारी, शाई घेतली आणि दोनदा मारली. पावसाळ्यात कागद फुगतो, दुसरा रंग हमखास सरकतो, तर पिवळ्याचा आकारच असा ओबडधोबड ठेवला की एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी ते तसंच असायचं वाटावं. शाई वाळायला रात्रभर पंखे लावून रॅक भरून ठेवायचे, घाईने थप्पी लावली की कव्हरं एकमेकांना चिकटलीच म्हणून समजा. घडी नेहमी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने, नाहीतर क्राफ्ट घडीवर फुटतो. लिरिक्सचं पोस्टर चौदा बाय चौदा इंच, दोन घड्या घातल्या की बरोबर सात इंच, आणि 20×30 च्या शीटमधून अशी दोन निघतात, खाली सहा इंचाची जी पट्टी उरते त्यात डाउनलोड कोडच्या चिठ्ठ्या काढल्या. चिकटवायला सगळे पोट्टे दुकानात येऊन बसले, आईने तर्री-पोहे केले, ती त्यांच्या गाण्यांतलं एक वाचून म्हणाली की हे आमच्या शेजारच्या पोराचंच लिहिलंय.

ती कव्हरं शोमध्ये हातोहात फिरली आणि त्यातूनच पुढची कामं आली, आधी इथलीच, मग पुण्या-मुंबईचे बँड. आता पावसाळ्यातलं आमचं निम्मं काम हेच असतं. चिकट प्लॅस्टिक लॅमिनेशन, स्पॉट यूव्ही असलं मी या कामात सहसा करू देत नाही, शाईचा वास आणि बोर्डाचा खरखरीतपणा हाताला लागला पाहिजे, आणि ज्यांना चकचकीतच पाहिजे त्यांना ऑफसेटवाल्यांकडे पाठवते, राग नाही.

सध्या टेबलावर एका बँडच्या कॅसेटचं जे-कार्ड, म्हणजे डबीत घालायचं घडीचं कार्ड, आहे. समोरची बाजू अडीच इंचाच्या आसपास, स्पाइन, म्हणजे डबीच्या कडेची पट्टी, अर्धा इंच, आणि गाणी अकरा. सगळे लिरिक्स पाहिजेतच असं त्यांचं म्हणणं आहे आणि माझंही, म्हणून कार्डाला आत आणखी चार पानं जोडतोय, कागद पातळ घेऊन, नाहीतर डबीचं झाकण लागत नाही. तुमचं काम असेल तर चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, मूळ कागद घेऊन या किंवा 600 डीपीआयला स्कॅन करा, बाजूने तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड, सोडा, आणि गाण्यांची वही आधी द्या.