पोलादाकडून कातड्याकडे : कोपनहेगनच्या शस्त्रागारात

कोपनहेगनच्या स्लॉट्सहोल्मन बेटावर, संसदभवनाला लागूनच, चौथ्या ख्रिश्चन राजाने 1598 ते 1604 या काळात बांधलेले शस्त्रागार आहे. आज ते युद्धसंग्रहालय आहे. शेजारी पूर्वी गोदी होती आणि जहाजांवर तोफा व दारूगोळा तिथेच चढवला जाई. ती बुजवून आता ग्रंथालयाची बाग केली आहे. तळमजल्यावरचे तोफांचे दीडशे मीटरहून लांब दालन पर्यटकांचा बहुतेक वेळ घेते. मला मात्र घोडेस्वारांची चिलखते पाहायची होती.

सतराव्या शतकाच्या आरंभी जड घोडेस्वार डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पोलादात असे आणि त्याखाली उंच चामडी बूट. या चिलखतांचा काळा रंग रुबाबदार वाटतो. प्रत्यक्षात तो गंज रोखण्यासाठी आणि स्वस्त घडाईतल्या हातोड्याच्या खुणा झाकण्यासाठी दिलेला असे. छातीपटावरचा पोचा लढाईतलाच असेल असे नाही, कारण कारागीर स्वतः गोळी झाडून पत्र्याची पारख करीत आणि गिऱ्हाइकाच्या खात्रीसाठी तो पोचा तसाच ठेवीत. रोझेनबोर्ग राजवाड्यात याच राजाच्या काळातली मोत्यांनी मढवलेली खोगिरे आहेत, पण ती मिरवणुकीची. मला हा काळा पत्राच अधिक खरा वाटला.

डेन्मार्कच्या सरदारांना करमाफी होती आणि त्या बदल्यात त्यांनी स्वखर्चाने सज्ज केलेले स्वार राजाला पुरवायचे असत. बंदुका जशा प्रभावी झाल्या तसा छातीपट जाड होत गेला, आणि ते वजन माणसाला व घोड्याला पेलेना, तेव्हा हातापायांवरचे पत्रे गळू लागले. उरले ते छातीपट, पाठपट आणि मानेवर एकावर एक पट्ट्या असलेले शिरस्त्राण.

त्याखालच्या पिवळसर कोटापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. एल्क हरणाचे जाड कातडे माशाच्या तेलात कमावून असे कोट शिवत. ते तलवारीचा वार झेलत, जवळून सुटलेली गोळी नाही. तरीही ते महागच पडत. लगाम धरणाऱ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत पोलादी दस्ताना चढवीत.

डिसेंबर 1676 मध्ये आजच्या दक्षिण स्वीडनमधल्या लुंड शहराजवळ डॅनिश आणि स्वीडिश घोडदळ भिडले तेव्हा बहुतेक स्वारांच्या अंगावर असे कातडी कोटच होते. पुढे शिरस्त्राणही मागे पडून युरोपातले स्वार रुंद काठाची टोपी घालू लागले, मात्र तिच्या आत अनेकदा लोखंडी टोप दडवलेला असे.