वाण्याचा नफा खरेदीत असतो

बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या कमाल किमतीहून अधिक दराने तो विकणे भारतात बेकायदा आहे. त्यामुळे वाण्याला किती सुटेल, हे माल त्याच्या हाती कोणत्या दराने आला यावरच ठरते. हा माल कंपनीकडून वितरकाकडे आणि वितरकाच्या टेम्पोतून दुकानात येतो. ठरलेल्या वारी सेल्समन ऑर्डर लिहून घेतो, डझनामागे एक नग फुकट अशी एखादी स्कीम सांगतो आणि मागच्या बिलाची आठवण करून देतो. वाणी ते पुढच्या फेरीवर ढकलतो, कारण त्याचे पैसे गिऱ्हाइकांच्या उधारीत अडकलेले असतात.

2002 साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डीमार्टने नेमका याच्या उलट व्यवहार केला. तिचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी दुकानांच्या जागा शक्यतो विकत घेतल्या आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केले. मोठ्या खरेदीला तत्पर पैशांची जोड मिळाल्यावर दर उतरतो आणि छापील किमतीहून स्वस्त विकणे परवडते.

वितरकांची खरी कोंडी मात्र जिओमार्ट, मेट्रो, उडान यांसारख्या घाऊक विक्रेत्यांनी केली, कारण ते थेट वाण्यालाच वितरकापेक्षा कमी दराने माल देऊ लागले. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला. मागणी एवढीच होती की सर्वांना एकाच दराने माल मिळावा. मला ही मागणी रास्त वाटते, पण वाण्याने स्वस्त माल का नाकारावा, याचे उत्तर तिच्यात नव्हते. किरकोळ विक्रीतल्या परदेशी गुंतवणुकीवरचा वाद याच्या कितीतरी आधीचा: 2012 साली केंद्राने बहुब्रँड, म्हणजे एकाच छताखाली अनेक ब्रँड विकणाऱ्या, किरकोळ विक्रीत 51 टक्के परदेशी भांडवलाला राज्यांच्या संमतीच्या अटीवर मुभा दिली, महाराष्ट्राने संमतीही दिली, तरी वाण्यावर ताण आला तो मुख्यतः देशी भांडवलाचा.

वाण्याचा हात मोकळा राहतो तो सुट्या मालात. गोणीतल्या तूरडाळीवर किंमत छापलेली नसते. लातूरच्या किंवा वाशीच्या घाऊक बाजारातला भाव, डाळीची प्रत आणि गिऱ्हाइकाची पारख पाहून तो दर लावतो, आणि साबण-बिस्किटांवर जे सुटत नाही ते इथे भरून काढतो. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी-पिठांवर 5 टक्के जीएसटी लागू झाला आणि सुटा माल करमुक्त राहिला, म्हणजे निदान या एका व्यवहारात कायद्याचा कल वाण्याच्या तराजूकडे झुकला. तरीही शहरांतले गिऱ्हाईक पॅकबंद पिठाकडेच वळते आहे.